योहान सेबास्टियन बाख: एका मंडळीसेवकाचे चरित्र व त्याचे वाद्यसंगीत

आमच्या मंडळ्यांतून गायनाची आवड किती आहे हे नव्याने सांगावयास नको. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील कोणत्याही खेड्यात जा. प्रार्थनामंदिर लहान असेल, पत्र्याचे असेल, किंवा अद्याप बांधलेलेही नसेल. परंतु टाळ, मृदंग व पेटी ही तेथे सापडतीलच. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री भजनास बसली म्हणजे वेळ कसा जातो हे त्यांस कळत नाही. ज्यांचा कान असा तयार झाला आहे त्यांस परदेशातील एका थोर संगीतकाराची ओळख करून द्यावी, आणि त्याने रचलेले वाद्यसंगीत ध्वनिमुद्रणाच्या द्वारे कसे ऐकावे हेही सांगावे, असे आम्ही योजिले आहे. हा मनुष्य म्हणजे जर्मनी देशातील योहान सेबास्टियन बाख होय. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, धर्मसुधारकही नव्हता. आयुष्याची शेवटली सत्तावीस वर्षे तो मंडळीच्या कामावर पगारी नोकर होता. तो मुलांस गाणे शिकवी, रविवारच्या उपासनेसाठी संगीत तयार करी, आणि वरिष्ठांची बोलणीही ऐकून घेई. म्हणून उपदेशक व शिक्षक ह्यांनी त्याचे चरित्र विशेष लक्षपूर्वक वाचावे, अशी आमची विनंती आहे.

बाखचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी आयसेनाख नावाच्या गावी झाला. हे गाव आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. मार्टिन लूथर लहानपणी ह्याच गावी शाळेत होता, आणि पुढे गावाजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपून राहिला असता त्याने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले. बाखचे घराणे गाण्याबजावण्याचे होते. कित्येक पिढ्या त्या घरातील पुरुष कोठे देवळात, कोठे दरबारात, तर कोठे गावाच्या चाकरीत वाद्ये वाजवीत आले होते. सेबास्टियनचा बाप योहान अँब्रोसियस हा आयसेनाखचा नेमलेला वाजंत्री होता. आपल्याकडे सनई व हलगी वाजविणाऱ्यांस गावाने खालच्या पायरीवर बसविले, आणि त्यामुळे आमच्या कित्येक कुटुंबांस वडिलोपार्जित वाद्याची लाज वाटू लागली. त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, ज्याच्यापुढे आज सर्व जगातील संगीतज्ञ मान लववितात, तो एका वाजंत्र्याचा मुलगा होता.

त्याच्या बालपणी घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. १६९४ च्या मे महिन्यात त्याची आई वारली. पुढल्या फेब्रुवारीत बापही गेला. दहा वर्षे पुरी होण्याआधीच मुलगा पोरका झाला. ओरड्रुफ गावी त्याचा वडील भाऊ योहान क्रिस्टोफ देवळात ऑर्गन वाजवीत असे; त्याने ह्या धाकट्या भावास आपल्या घरी नेले व पेटीचे शिक्षण दिले. बाखच्या मृत्यूनंतर छापलेल्या पहिल्या चरित्रात तेव्हाची एक हकीकत दिली आहे. थोरल्या भावाजवळ नामांकित रचनांची एक वही होती. ती त्याने कुलूपबंद कपाटात ठेविली होती, व धाकट्याने पुष्कळ विनवण्या करूनही ती त्यास देत नसे. कपाटाच्या दारास जाळी होती. मुलाने आपला लहानसा हात जाळीतून घालून वही गुंडाळून बाहेर काढावी, आणि घरातील सारे निजल्यावर चांदण्याच्या उजेडात तिची नक्कल करावी, असे सहा महिने चालले. नक्कल पुरी झाली, आणि भावास कळताच त्याने ती काढून घेतली. सहा महिन्यांचे श्रम असे गेले. परंतु जे हाताने उतरविले ते बहुधा मनात उतरले होते, आणि तेथून कोणास ते काढून घेता आले नाही.

पंधराव्या वर्षी बाख दूरच्या ल्युनेबुर्ग शहरी गेला. तेथील सेंट मायकेलच्या शाळेत गरीब पण चांगल्या आवाजाच्या मुलांस गायनाच्या मोबदल्यात शिक्षण व अन्न मिळत असे. १७०३ साली, अवघा अठरा वर्षांचा असता, तो आर्नस्टाट गावच्या देवळात ऑर्गनवादक झाला. तेथून १७०५ साली तो चार आठवड्यांची रजा घेऊन ल्युबेक शहरी बुक्स्टेहुडे नावाच्या वृद्ध संगीतकाराचे वादन ऐकावयास पायी गेला. ही वाट सुमारे चारशे किलोमीटरांची, म्हणजे नांदेडहून निघून पायी पुणे गाठावे जवळजवळ इतकी होती. आपल्या मुलखात पायी वारी करणारे लोक पुष्कळ आहेत. अशा चालण्याने पायांस काय होते व मनास काय होते हे त्यांस ठाऊक आहे. बाख तेथे इतका रमला की, तो परत आला तेव्हा चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले होते. वरिष्ठांनी त्यास जाब विचारला, आणि तो साथीत विचित्र स्वर घालून मंडळीस गोंधळात पाडतो असाही दोष त्यावर ठेवला. रजा लांबविण्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु आपले काम अधिक चांगले यावे म्हणून इतके कष्ट घेणारा सेवक कोणत्याही मंडळीत विरळाच.

१७०७ साली त्याने म्युलहौझन येथे नोकरी धरली, आणि त्याच वर्षी मारिया बार्बरा ह्या आपल्या चुलतघराण्यातील मुलीशी विवाह केला. १७०८ साली तो वाइमारच्या ड्यूकच्या दरबारी गेला. ज्या वर्षी आमच्या नांदेड शहरी गोदातीरी गुरू गोविंदसिंग ह्यांचा अंत झाला, तेच हे वर्ष होय. वाइमार येथे बाखच्या हाती इटली देशाच्या व्हिवाल्डी नामक संगीतकाराच्या रचना आल्या. त्या त्याने पेटीवर वाजविण्याजोग्या करून लिहून काढल्या, आणि त्यांवरून अनेक वाद्यांचा मेळ कसा बांधावा ह्याचा कसून अभ्यास केला. लहानपणी चांदण्यात जी रीत धरली तीच त्याने मोठेपणी चालविली. पुढे कोटेनच्या राजपुत्राने त्यास बोलाविले. परंतु ड्यूक सोडीना. बाखने हट्ट धरला, तेव्हा ६ नोव्हेंबर १७१७ रोजी त्यास अटकेत ठेवण्यात आले. सुमारे चार आठवड्यांनी, २ डिसेंबर रोजी, कमी केल्याचा हुकूम देऊन त्यास सोडले.

कोटेनचा राजपुत्र लिओपोल्ड हा तरुण असून स्वतः चांगला वाजवीत असे, व त्याच्या पदरी निवडक वादकांचा मेळा होता. त्याचा दरबार रिफॉर्म्ड पंथाचा होता. त्या पंथाच्या उपासनेत साधी स्तोत्रे म्हणत; मोठ्या संगीतास तेथे वाव नसे. म्हणून बाखने ह्या वर्षांत देवळाकरिता थोडेच, परंतु वाद्यांकरिता पुष्कळ लिहिले. जे शब्दाविण संगीत आज ध्वनिमुद्रणांतून घरोघर ऐकू येते, त्यातील बराच भाग ह्या काळचा आहे.

येथेच त्याच्यावर मोठा घाव पडला. १७२० च्या उन्हाळ्यात तो राजपुत्राबरोबर कार्ल्सबाद येथे गेला होता. जुलै महिन्यात घरी परतला तो बायको मरण पावलेली, आणि तिला मूठमातीही दिलेली. जाताना त्याने तिला धडधाकट सोडले होते. घरात चार मुले उरली होती. थोरली मुलगी अकरा वर्षांची, सर्वांत धाकटा पाच वर्षांचा. त्याआधी तीन लेकरे पुरलेली होती. वाचकहो, हा प्रसंग काय असतो हे आमच्या मुलखास सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे भुईसपाट झाली, तेव्हा पोटासाठी परगावी असलेले किती तरी जण घरी परतले ते आपल्या माणसांचे मुखही न पाहता केवळ मातीजवळ उभे राहिले. दरवर्षी ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतही असे निरोप उशिराच पोहोचतात. शेवटची भेट न झाल्याचे दुःख हे मरणाच्या दुःखाहून निराळे असते, आणि त्यावर दुसऱ्याचे शब्द फारसे चालत नाहीत.

ह्या दुःखानंतर नऊ महिनेही झाले नव्हते, तोच २४ मार्च १७२१ ह्या तारखेची एक अर्पणपत्रिका लिहून बाखने सहा वाद्यमेळांची वही ब्रँडनबर्गचा मार्ग्रेव्ह क्रिस्टियन लुडविग ह्याजकडे पाठविली. त्यांसच आज ब्रँडनबर्ग कन्सर्टो म्हणतात. त्यांतील काही भाग त्याने आधीच रचलेले होते. परंतु सहा निवडणे, सुधारणे, आणि स्वच्छ अक्षरात स्वहस्ते लिहून काढणे हे काम त्या दिवसांतले दिसते. ह्या सहांत आनंद इतका ओसंडून वाहतो की, ऐकणाऱ्यास हा मनुष्य विधुर झालेला आहे असे स्वप्नातही वाटू नये. मार्ग्रेव्हने बक्षीस दिल्याची अथवा आभार मानल्याची कोठेही नोंद सापडलेली नाही. १७३४ साली तो मरण पावला, तेव्हा त्याच्या संग्रहातील अशा वाद्यमेळांची किंमत अगदी क्षुल्लक धरण्यात आली. पुढे ती वही शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अज्ञात पडून राहिली.

आता हे संगीत ऐकावे कसे, ते सांगतो. प्रथम अडचण अशी वाटते की, ह्यात एक गाणारा व बाकीचे साथ करणारे अशी आपल्याकडील व्यवस्था नाही. आपला गवई एकच सूर धरून राग हळूहळू उलगडतो. बाखच्या संगीतात मात्र दोन, तीन, चार निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालू असतात. पहिल्याने हा बाजारातला गलबला वाटेल. परंतु दोन खुणा धरल्या म्हणजे वाट सापडते. पहिली खूण ध्रुवपदाची. भजनात जसे एकेक कडवे झाल्यावर सर्वांनी मिळून ध्रुवपद म्हणावयाचे असते, त्याचप्रमाणे ह्या वाद्यमेळांच्या जलद भागांत आरंभी सर्व वाद्ये मिळून एक चाल वाजवितात. मग एकदोन वाद्ये पुढे होऊन आपले कडवे म्हणतात. आणि मग ती पहिली चाल, कधी पुरी तर कधी अर्धी, फिरून येते. ती ओळखीची चाल परत आली की मनास घरी आल्यासारखे वाटते. दुसरी खूण खालच्या तारांची. सर्वांच्या तळाशी मोठ्या तारवाद्यांचा जाड आवाज एकसारखा चालत असतो. ह्या सहा मेळांत मृदंग नाही, नगारा नाही. ठेक्याचे पुष्कळसे काम ह्या तारांनीच उचलले आहे. एकदा ऐकताना केवळ वरच्या चालीकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा केवळ तळच्या आवाजाकडे, आणि तिसऱ्यांदा सर्व एकत्र ऐकावे. स्वरलिपी वाचता येण्याची काही गरज नाही.

आरंभ तिसऱ्या मेळापासून करावा. त्यात लहान, मध्यम व मोठी अशी तीन जातींची तारवाद्ये, प्रत्येकी तीन, मिळून नऊ आहेत, आणि त्यांच्याखाली साथीचे मंद्र स्वर आहेत. पहिला भाग पाच-सहा मिनिटांचा आहे. एका टोळीने चाल सुरू करावी, दुसरीने ती उचलावी, तिसरीने पुढे न्यावी, असा हा खेळ चालतो. मधल्या भागात बाखने केवळ दोनच स्वरसमूह लिहिले आहेत, जणू एक श्वास. आणि लगेच तिसरा भाग नाचत निघतो. मग दुसरा मेळ ऐकावा. त्यात चार वाद्ये पुढे आहेत: कर्णा, अलगुजासारखी उभी बासरी, सनईच्या जातीचे ओबो, आणि व्हायोलिन. कर्ण्याचा आवाज केवढा आणि बासरीचा केवढा! तरी बाखने चौघांसही तीच चाल वाटून दिली आहे, आणि मधल्या संथ भागात कर्ण्यास गप्प बसविले आहे, म्हणजे कोमल आवाजाच्या तिघांस मनमोकळे बोलता यावे. पाचव्या मेळात तारांची पेटी आहे. हिच्या पट्ट्या दाबल्या की आत तारा छेडल्या जातात. ही पेटी नेहमी मागे बसून साथ करावयाची. येथे मात्र पहिल्या भागाच्या शेवटी सर्व वाद्ये एकेक करून थांबतात, आणि ती मागची पेटी एकटीच इतके वाजविते की ऐकणारा थक्क होतो. सहाव्या मेळात व्हायोलिन मुळीच नाही. त्याहून मोठी व घोगऱ्या आवाजाची दोन वाद्ये, जी एरवी मधे कोठे तरी दडलेली असतात, ती पुढे होतात, आणि पोवाड्यातील झीलकऱ्याप्रमाणे एक दुसऱ्याच्या पाठोपाठ तेच बोल बोलते. पहिल्या मेळात शिकारीची शिंगे आहेत, व चौथ्यात दोन उभ्या बासऱ्या व्हायोलिनच्या संगतीने खेळतात. लहान वाद्य आहे म्हणून बाखने कोणास वगळले नाही, व मोठे आहे म्हणून कोणास शिरजोर होऊ दिले नाही. अनेक अवयव पण शरीर एक, ह्या प्रेषित पौलाच्या शिकवणीवर आमच्या मंडळ्यांतून पुष्कळ उपदेश होतात. तिचे कानाने ऐकण्याजोगे उदाहरण हवे असेल तर ते येथे आहे.

काही भाविक बंधू अशी शंका घेतील की, ज्यात देवाचे नाव नाही, किंबहुना शब्दच नाहीत, असे संगीत ख्रिस्ती घरात करमणुकीसाठी ऐकणे योग्य आहे काय. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. ज्यांनी मोठ्या किंमतीने जुने मार्ग सोडले, त्यांनी नव्या गोष्टीकडे सावधपणे पाहणे साहजिक आहे. परंतु बाखचाच कित्ता पाहावा. तो आपल्या पुष्कळ रचनांच्या शेवटी, गौरव केवळ देवाचा असो, अशा अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहीत असे. आणि त्याने राजवाड्यासाठी एक व देवळासाठी दुसरी अशी दोन कौशल्ये ठेविली नव्हती. ब्रँडनबर्ग मेळांतील काही भाग त्याने पुढे उपासनेच्या संगीतात घेतले. तिसऱ्याचा पहिला भाग, ज्याविषयी वर सांगितले, तो त्याने १७२९ साली एका उपासनागीताच्या आरंभी घातला. जे स्वर राजदरबारी शोभले तेच प्रार्थनामंदिरातही शोभले. शब्दाविण आनंदही देवाचेच देणे आहे. रानातील पाखरास कोणी पदे शिकविली नाहीत, तरी त्याचे गाणे कोणी अपवित्र मानीत नाही.

३ डिसेंबर १७२१ रोजी बाखने आन्ना माग्दालेना नामक गायिकेशी दुसरा विवाह केला. तिने चार पोरक्या मुलांचा सांभाळ केला, व नवऱ्याच्या असंख्य रचनांच्या सुवाच्य नकला केल्या. दोघींची मिळून बाखला वीस मुले झाली; त्यांतील दहाच वाढून मोठी झाली. १७२३ साली तो लाइपझिग शहरी सेंट थॉमसच्या शाळेत गायनशिक्षक झाला. शहराच्या अधिकाऱ्यांस आधी टेलेमान हवा होता, मग ग्राउप्नर. ते दोघेही न मिळाल्यामुळे बाखची नेमणूक झाली. शाळेतील मुले गरीब, त्यांतील कित्येकांस गाता येईना, वादक पुरेसे नाहीत, आणि दर रविवारी मोठ्या देवळात संगीत तर झालेच पाहिजे! १७३० साली त्याने ह्या अडचणींचा पाढा लेखी कळविला. अधिकारी त्याच्यावर नाखूषच राहिले. अशा अपुऱ्या साधनांतून त्याने उपासनेसाठी जी गीते रचली त्यांपैकी सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानावरील दुःखसहनाचे महासंगीतही लाइपझिगचेच. ते उत्तम शुक्रवारच्या उपासनेसाठी लिहिले.

१७२९ पासून काही वर्षे त्याने विद्यार्थी वादकांच्या एका मंडळाचे पुढारीपण केले. हे मंडळ त्सिमरमान नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहात दर आठवड्यास वाजवीत असे. बाखच्या ज्या चार वाद्यमालिका ऑर्केस्ट्रल स्वीट ह्या नावाने प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी काही तरी बहुधा ह्या मंडळाने वाजविल्या असाव्यात. तिसऱ्या मालिकेत कर्णे व नगारे आहेत. परंतु तिच्या दुसऱ्या भागात, ज्यास एअर म्हणतात, ते सर्व गप्प बसतात, आणि केवळ तारा उरतात. वरची चाल एक स्वर लांबवर धरून ठेविते, आणि खालची तार शांतपणे पावले टाकीत चालते. ज्यास पाच मिनिटेच सवड आहे त्याने हेच ऐकावे. मयताच्या घरी, जेथे बोलण्यास शब्द सापडत नाहीत, तेथेही हे हलक्या आवाजात लावण्याजोगे आहे.

म्हातारपणी बाखची दृष्टी गेली. १७५० च्या वसंतात एका फिरत्या इंग्रज वैद्याने त्याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. तिने दृष्टी आली नाहीच, उलट प्रकृती ढासळली. २८ जुलै १७५० रोजी तो प्रभूमध्ये निद्रिस्त झाला. त्याच्या कबरेवर नाव घातलेला दगडही नव्हता. आन्ना माग्दालेना धर्मादायावर दिवस काढून १७६० साली वारली. आमच्या लातूरकडील उदगीर येथे मराठ्यांची निजामाशी प्रसिद्ध लढाई झाली तेच ते साल. बाखच्या हस्तलिखितांची वाटणी झाली, व पुष्कळ रचना कायमच्या हरवल्या.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिन शहरी मेंडेल्सोन नामक वीस वर्षांच्या तरुणाने ते मत्तयाच्या शुभवर्तमानावरील महासंगीत पुन्हा ऐकविले, आणि लोकांस जाग आली. ब्रँडनबर्ग मेळांची वही १८४९ साली सापडली. पुढल्या वर्षी, बाखच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली असता, ती छापून निघाली. मग ध्वनिमुद्रणाचे युग आले. १९३५ साली आडोल्फ बुश व त्याच्या मंडळाने हे सहाही मेळ तबकड्यांवर मुद्रित केले. त्या चावीच्या ग्रामोफोनच्या तबकडीवर एका बाजूस चार-पाच मिनिटांचेच संगीत मावे. एक मेळ पुरा ऐकावयाचा तर मधे दोनतीनदा उठून तबकडी उलटावी लागे. १९४८ साली लांब वाजणारी तबकडी निघाली, १९८२ साली लहानशी कॉम्पॅक्ट डिस्क, आणि हल्ली तर मोबाइलवर नाव सांगितले की सहाही मेळ एकामागून एक ऐकता येतात. प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकावयाचा तर मुंबईस जावे लागते. तेथे मेहली मेहता ह्यांनी १९३५ साली एक वाद्यवृंद स्थापिला होता, व २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. आमच्या खेड्यांहून मुंबई शेकडो किलोमीटर दूर आहे. जे एका राजपुत्राच्या दिवाणखान्यासाठी लिहिले, ते आता भोकर वा औसा तालुक्यातील ओसरीवर ऐकू येते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट ऐकून वाचकांस संतोष होईल. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने ग्रहमालेच्या पलीकडे पाठविली, आणि प्रत्येकावर पृथ्वीवरील आवाजांची एक सोनेरी तबकडी ठेविली. तिच्यातील संगीताचा आरंभ बाखच्या दुसऱ्या ब्रँडनबर्ग मेळाच्या पहिल्या भागाने होतो. त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सुप्रसिद्ध गायिका केसरबाई केरकर ह्यांनी गाइलेली भैरवी आहे. पाश्चात्य व आपले, अनेक चालींचे व एका चालीचे, ही दोन्ही संगीते एकाच तबकडीवर शेजारी बसून आकाशात चालली आहेत. म्हणून बाख ऐकावयाचा तर आपले भजन सोडावे, किंवा भजन आवडते म्हणून बाख परका मानावा, असे काही नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनी आपल्या देशी चालींत प्रभूची गीते रचून आमच्या मंडळ्यांस जे दिले, तेच काम बाखने आपल्या लोकांच्या चाली घेऊन आपल्या मंडळीसाठी केले.

आता एक विनंती करून हा लेख पुरा करतो. ज्या उपदेशकाच्या वर्गास चारच मुले येतात, ज्याच्या कामाची दखल वरून कोणी घेत नाही, किंवा ज्याच्या घरी नुकतीच एक जागा रिकामी झाली आहे, त्याने एखाद्या संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटे काढून तिसरा ब्रँडनबर्ग मेळ ऐकावा. तो लिहून पाठविला तेव्हा रचणाऱ्याची बायको नुकतीच गेली होती. ज्यास पाठविला त्याचे उत्तर आल्याची नोंद नाही. आणि शंभर वर्षे ती वही जवळजवळ अज्ञातच राहिली. तरी त्याने त्यातील एकही स्वर उगाच म्हणून लिहिला नाही, आणि आनंद तर हात राखून मुळीच दिला नाही. प्रभूच्या कामातील आपले श्रम व्यर्थ नाहीत, असे आम्ही एकमेकांस नित्य सांगतो. बाखच्या ह्या वाद्यमेळांत ते कानांनी ऐकू येते.